डब्यातलं लोणचं आणि सूर्यफुलाच्या बिया



परिसर अभ्यासातला आहाराचा पाठ शिकवताना यंदा चौथीच्या वर्गाला मी एक हिशोब घातला. किलोभर कैरीच्या लोणच्याला आमच्याकडे साधारण पाव किलो मीठ लागतं. तेल, मोहरी, मेथी, तिखट धरून लोणचं होतं पावणेदोन किलोच्या आसपास. मग १५ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात मीठ किती? मुलांनी (थोडी माझी मदत घेऊन) उत्तर काढलं, दोन ग्रॅमच्या वर! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. मुलांना त्याहूनही कमी.

दुसऱ्या रकान्यात सूर्यफुलाच्या बिया. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने, ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, शिवाय ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम. म्हणजे १५ ग्रॅम बियांतून ३ ग्रॅम प्रथिने. लोणच्यातून मिळणारी प्रथिने नावालाच. बिया जिंकल्या, मी खूश.

दुसऱ्या दिवशी लहान सुट्टीत एक मुलगी डबाच उघडेना. तिची आई पहाटे उठून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. डब्यात रोज भाकरी आणि लोणचं. माझ्या तक्त्यानं तिचा डबा अख्ख्या वर्गासमोर नापास केला होता.

तेव्हापासून मला वाटतं, ही तुलनाच बरोबरीची नाही. लोणचं हे तोंडीलावणं. ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ-चटणीच्या शेजारी, एखादी फोड. तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे, त्यानं दोन घास जास्त जातात. अडचण होते ती लोणचं भाजीच्या जागेवर येऊन बसलं की. आणि ते तिथं का बसलं, हे घरी विचारल्याशिवाय आपण शिक्षकांनी फळ्यावर निकाल लावू नये.

बियांचं कौतुकही बेतानंच करावं. पाकिटातल्या खारवलेल्या घेतल्या की मीठ पुन्हा आलंच. शेंगदाण्यात तर १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि ते किराणा दुकानात सुटे मिळतात. तीळ, जवस, कारळं हीसुद्धा बियाच की! त्यांना कुणी ‘सुपरफूड’ म्हणत नाही एवढंच. ज्यांच्या बांधावर सूर्यफूल आहे त्यांनी बिया भाजून जरूर द्याव्यात. मात्र पेरणीच्या पिशवीतलं बियाणं चुकूनही नको, त्याला औषध लावलेलं असतं. आणि घरातल्या लहानग्यांना अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

त्या मुलीच्या आईला मी संध्याकाळी घरी जाऊन भेटले. आधी माझी चूक सांगितली, मग चटणीचा विषय काढला. त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, कारळाची चटणी तर पंधरा दिवस टिकती. एकदा कुटली की झालं. हे आधी सांगायचं की!"

आता डबा उघडतो. भाकरी, त्यावर कारळाची चटणी, कडेला लोणच्याची एक फोड. ती फोड काढायला मी सांगितलेलं नाही.