ऑपरेशननंतरचे दुखणे आणि वेदनाशामक गोळी

हर्निया, अपेंडिक्स, पिशवीचे ऑपरेशन किंवा सिझेरियन होऊन पेशंट घरी आला की घरात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काहीजण म्हणतात, "थोडे सोसावे, गोळ्यांची सवय वाईट." काहीजण जराशी कळ आली की मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणतात. वाचकहो, दोन्ही गोष्टी घातक आहेत.

दुखणे सोसण्यात शहाणपण नाही. टाके ताणतील या भीतीने पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साचतो, कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हणून डॉक्टर वेदनाशामक देतात. आपल्याकडे त्यासाठी डायक्लोफिनॅक पुष्कळ वापरले जाते. जखमेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन सूज व ठणका वाढतो. हे औषध ती द्रव्ये कमी करते. त्यामुळे मॉर्फिनसारखी गुंगी आणणारी औषधेही कमी लागतात.

परंतु हीच द्रव्ये पोटाच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. ती कमी झाली की पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकते. पेशंटच्या पोटात पाणी कमी गेले असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. हृदयविकार असणाऱ्यांनी हे औषध घेऊ नये, असे युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 साली बजावले आहे. इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचते, हा समजही खरा नाही. औषध रक्तातूनच काम करते.

तेव्हा अल्सर, दमा, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा स्त्री गरोदर असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

गोळी जेवणानंतर, सांगितली तितकेच दिवस घ्यावी. प्रौढ माणसाला दिवसभरात 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त डायक्लोफिनॅक जाता कामा नये. दोन पट्ट्यांवर नावे वेगळी असली तरी आत औषध एकच असू शकते. म्हणून नावाखालची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटॅमॉलही मिसळलेले असते. ते पोटाला सौम्य असले तरी जास्त झाल्यास यकृत बिघडवते.

शौचास डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, लघवी कमी झाली, अंगावर पुरळ उठले, छातीत दुखले किंवा धाप लागली तर गोळी बंद करून ताबडतोब दवाखाना गाठावा. दुखणे रोज कमी होण्याऐवजी वाढत असेल, जखमेतून पू येत असेल, तर आणखी गोळ्या देत बसू नये. गोळीने ठणका व ताप दबतो, पण जखम आतून चिघळतच राहते.

आणि शेजारणीला मानवलेली गोळी आपल्या घरच्या पेशंटला मानवेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.