सिस्टरने ‘का?’ विचारायचं नाही?

बाळंतपणाला आलेल्या बाईचे केस काढायचे, एनिमा द्यायचा, पहिलटकरीण असेल तर खाली काप घ्यायचाच. एका इस्पितळात समाजसेविका म्हणून काम करताना मी हे रोज पाहिलं. “का हो सिस्टर?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “आम्हांला असंच शिकवलंय.”

सरसकट एनिमा आणि केस काढणं बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच सांगितलं. सरसकट काप नको, हे २०१८ साली पुन्हा बजावलं. पुरावा आहे, मग तो वॉर्डात का पोचत नाही? आपण सगळा राग सिस्टरवर काढून मोकळ्या होतो. मीही काढलाय. पण नर्सिंग कॉलेजात संशोधन शिकवणाऱ्या बाईंना वॉर्डात काडीचा अधिकार नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टरला वाचायला उसंत नाही. डॉक्टरने शंका काढली तर तो अभ्यास, सिस्टरने काढली तर उद्धटपणा!

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपण पूजतो. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे तिने आकडेवारीने सरकारपुढे मांडलं. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य झाली. शपथेच्या कार्यक्रमात मात्र मुलींच्या हाती देतात फक्त दिवा.

नर्सिंगच्या प्राध्यापिकेला वॉर्डात पद हवं. प्रसूतिकक्षाचे नियम ठरतात त्या बैठकीत सिस्टरला खुर्ची हवी, चहा सांगण्यापुरती नव्हे. पुढचं निवेदन घेऊन अधीक्षकांकडे जाताना हे दोन मुद्दे त्यात घाला, आणि जाण्याआधी सिस्टरांशी बोला.