‘संधी द्या साहेब’ म्हणणं बंद करा

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याहून लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्याकडे माणसांची रीघ लागते. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात एका खटल्याच्या कामासाठी आले, तेव्हा ते या बंगल्यात थांबले होते. आम्ही लहानपणापासून तिथे जातो. गाणी होतात, भाषणं होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. पण बाबासाहेब धुळ्यात आले ते पक्षकाराचं काम घेऊन, वकील म्हणून, यावर भाषणांत क्वचितच दोन वाक्यं येतात. आमची पोरं एलएल.बी. करून सनद घेतात, निळा झेंडा गाडीला लावतात आणि मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर मान खाली घालून म्हणतात, ‘साहेब, गरीब घरचा आहे, एक संधी द्या.’ आम्हाला याचा राग येतो. आणि हा राग फक्त पोरांवर नाही, तो आमच्यावरही आहे, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीही हेच वाक्य म्हटलं होतं.

साक्रीकडची एक मुलगी पुण्यातल्या एका वकिली फर्मच्या मुलाखतीला गेली. पहिलाच प्रश्न आला, ‘घरी कुणी वकील आहे का?’ ती म्हणाली, ‘नाही सर, आई-वडील शेतमजूर आहेत.’ एवढं बोलून ती गप्प झाली. पुढचे प्रश्न तिला नीट ऐकूच आले नाहीत. ‘आम्ही कळवू’ असं सांगून तिला वाटेला लावलं. परत आल्यावर तिला आम्ही विचारलं, गेल्या दीड वर्षात तू काय काय केलंस? तिने सहज म्हणून जे सांगितलं, ते ऐकून आम्ही वही काढली. ॲट्रॉसिटीच्या चार प्रकरणांत फिर्यादीबरोबर पोलीस ठाण्यात बसून फिर्याद नोंदवून घेतली. एका प्रकरणात आरोपीच्या जामीन अर्जाची नोटीस पीडितेला मिळालीच नव्हती, तेव्हा कलम १५-अ दाखवून तिचं म्हणणं कोर्टासमोर मांडायला लावलं. वनहक्काचे दावे ग्रामसभेपासून उपविभागीय समितीपर्यंत पोचवले, त्यांचे नकाशे आणि पुरावे जोडले. हे सगळं तिच्या बायोडेटात कुठे होतं? शेवटच्या ओळीत, ‘समाजकार्याची आवड’ या दोन शब्दांत!

भावांनो, बहिणींनो, ही आवड नाही. ही वकिली आहे.

‘घरची पार्श्वभूमी काय?’ हा प्रश्न निरागस नसतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फक्त आडनावं बदलली. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जापेक्षा स्पष्ट कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरी देणाऱ्यांच्याच मुलाखती घेतल्या. ते सगळे तोंडाने गुणवत्तेचं नाव घेत होते आणि त्याच दमात कौटुंबिक पार्श्वभूमीही तपासत होते. दोन्ही अभ्यास २००७ साली छापून आले. तेव्हा ‘आत्मविश्वासाने बोला, हसतमुख राहा, टाय नीट बांधा’ असं शिकवणाऱ्या क्लासवाल्यांनी आमच्या पोरांना फसवू नये. टाय बांधल्याने आडनाव झाकलं जात नाही.

आणि ‘काम बोलतं, आपण बोलायची गरज नाही’ असं म्हणणाऱ्या आमच्याच ज्येष्ठांनाही विचारायचं आहे, कोणाचं काम बोललं? १९२९ साली बाबासाहेब याच खानदेशात सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत होते. ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. तरी चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार झाला नाही. शेवटी वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ग्रेज इनची पदवी त्या रस्त्यावर काहीच बोलली नाही. मुंबई हायकोर्टातही १९२३ साली वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम पाठवत नव्हती. मग त्यांनी काय केलं? जिल्हा कोर्टांची कामं घेतली, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकावरच्या बदनामीच्या खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहून तो जिंकला. पुढे १९३५ साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या कामाला दरवाजा आपोआप उघडला नाही. काम होतं, आणि ते पुराव्यासकट समोर ठेवावं लागलं.

आता पुरावा म्हणजे काय, ते सांगतो. धुळ्यात वकिलीची मुलाखत तीन-चार प्रकारची असते. एक सीनियरच्या चेंबरमधली, चहा पिता पिता होणारी, जिला आपण मुलाखत समजतच नाही. दुसरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. २०२२ पासून नाल्साच्या योजनेत लीगल एड डिफेन्स कौन्सिलची पूर्णवेळ पदं आली. मुख्य पदाला १० वर्षांची फौजदारी वकिली आणि सत्र न्यायालयातले किमान ३० खटले लागतात, सहायक पदाला तीन वर्षांपर्यंतचा नवा वकील चालतो. तिसरी लोकसेवा आयोगाची. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेत मुख्य परीक्षा २०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची. या ५० गुणांत किती पोरं मागे पडली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

या सगळ्या ठिकाणी समोरच्याला एकच हवं असतं, हा माणूस उद्या सकाळी अकरा वाजता माझ्या कामाचा आहे का? त्याचं उत्तर ‘मी मेहनती आहे’ हे नाही. मेहनती सगळेच असतात. उत्तर असं द्यायचं: ‘सर, मी २२ जामीन अर्जांचे मसुदे केले, त्यातले ९ मी स्वतः चालवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालचे जबाब अभ्यासून उलटतपासाचे मुद्दे काढून दिले. पक्षकाराशी मी अहिराणीत बोलतो, त्यामुळे तो पोलिसांनी लिहिलेल्या मराठीत अडकत नाही आणि खरी हकिकत पहिल्याच भेटीत सांगतो.’ आकडे तुमचे तुम्ही घाला, खोटा एकही घालू नका. रोजनाम्यात पडताळता येईल तेवढंच बोला.

अहिराणीचं तर विशेष. आमची पोरं मुलाखतीत अहिराणीचा हेल लपवायला घाम गाळतात. अरे, शिरपूर-साक्रीच्या पक्षकाराची हकिकत पुण्याचा टॉपर काढू शकेल का? ते कौशल्य आहे, लाज नाही. (पावरी येत असेल तर पहिल्या ओळीत लिहा.)

एक जण म्हणाला, बायोडेटातून संघटनेचं नाव काढू का? आम्ही म्हटलं, काढू नकोस, कामात बदल. ‘अमुक संघटनेचा कार्यकर्ता’ एवढंच लिहिलं तर समोरचा त्यात त्याला हवं ते वाचतो. ‘संघटनेच्या विधी कक्षात दोन वर्षांत ४० पक्षकारांना मोफत सल्ला, त्यातली ११ प्रकरणं कोर्टात दाखल’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वकील दिसतो. नाव लपवून मिळालेल्या खुर्चीत रोज नाव लपवत बसावं लागतं, हे आमच्यातल्या दोघांनी भोगलंय.

आणि ‘घरी कुणी वकील आहे का’ याचं उत्तर? ‘नाही सर, घरातली पहिली वकील मी. म्हणून कोर्टातलं एकेक काम मला कारकुनाकडून, नाझरकडून, सीनियरकडून विचारत शिकावं लागलं. नकला मिळवण्यापासून वॉरंट रद्द करण्यापर्यंत सगळं मला स्वतः येतं.’ वाक्य तिथे थांबवायचं नाही, लगेच एक प्रकरण सांगायचं.

आमचे काही मित्र चिडतात. म्हणतात, मुलाखतीचे धडे कसले देता, लढा व्यवस्थेशी द्या. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६०४ न्यायमूर्तींपैकी १८ अनुसूचित जातींचे आणि ९ अनुसूचित जमातींचे, ही माहिती सरकारनेच २०२३ साली संसदेत दिली. मित्रांचं म्हणणं खरं आहे. कॉलेजियमला प्रश्न विचारलाच पाहिजे. पण न्यायमूर्ती ज्या वकिलांतून निवडले जातात, ते वकील आज कुणाच्या चेंबरमध्ये बसलेत? तिथे आमचं पोर नसेल तर वीस वर्षांनी यादीत कोण असणार?

शिवाय २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तर न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तो निकाल न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाचा आहे, आणि आमच्या घरातला माणूस सरन्यायाधीश झाला म्हणून आम्ही पेढे वाटले त्याच महिन्यातला आहे. अनुभव हवा हे पटतं. पण धुळ्याच्या कोर्टात ज्युनियरला महिना काय मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या घरी वडिलांचं चेंबर आहे त्याची तीन वर्षं आरामात जातात, शेतमजुराच्या पोरीची जात नाहीत. सनदेची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणली, बरं झालं. पण पोटाचं काय? म्हणून सीनियरच्या चेंबरमधली ती चहाची मुलाखत आता सगळ्यात महत्त्वाची झाली आहे. तिथे मानधनाचं बोलायला लाजू नका. ‘मी मसुदे, तारखा आणि नकला हे तिन्ही सांभाळतो, तुमचा इतका वेळ वाचेल, मला महिना एवढे लागतील’ असं बोलणारा ज्युनियर उद्धट नसतो. फुकट राबणाऱ्याला चांगला म्हणण्याची सवय या धंद्याला कुठून लागली, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नाही.

साक्रीची ती मुलगी आता सहायक डिफेन्स कौन्सिलच्या पदासाठी अर्ज करतेय. ‘समाजकार्याची आवड’ ही ओळ तिने खोडली आणि तिच्या जागी पाऊण पान लिहिलं. येत्या रविवारी आम्ही पाच-सहा जण समोर बसून तिला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारणार आहोत, घरच्या पार्श्वभूमीसकट. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या केलेल्या कामांची यादी लिहून आणावी, प्रकरणाच्या नंबरासह.

जयभीम.