सृष्टिविलोकन : कूळ कोणतें आणि हात कोणता

'लॉब्स्टर' हा शब्द आतां मराठींत रुळला आहे. परंतु त्या एका शब्दाखालीं दोन निरनिराळीं कुळें नांदतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर ज्यास शेवंड म्हणतात, त्यास मोठ्या नांग्या मुळींच नसतात. त्याचें शस्त्र म्हणजे जाड, कांटेरी, लांबलचक मिशा. उलट उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यांत, अमेरिकेच्या व युरोपच्या किनाऱ्यांस जो लॉब्स्टर राहतो, त्याच्या पायांच्या पहिल्या जोडीस खेकड्यासारख्या दोन भक्कम नांग्या असतात. प्रस्तुत लेखांत आम्ही या दुसऱ्याविषयींच बोलणार आहों. तो पाकशाळेंत कसा लागतो हें सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. ज्यांच्या घरीं तो असेल त्यांनीं तो खुशाल आपल्यापाशीं ठेवावा.

दोघेहि दशपाद, दोघेहि कवचधारी; पण शेवंडाचा गण निराळा, आणि त्याचें शास्त्रीय नांवच मुळीं 'नांगीहीन' या अर्थाचें आहे. नांगीवाल्या लॉब्स्टरचे खरे सोयरे म्हणजे परदेशच्या नद्यांतून व तळ्यांतून राहणारे क्रेफिश. समुद्रांतल्या शेजाऱ्यापेक्षां गोड्या पाण्यांतला भाऊबंद जवळचा, असा हा प्रकार आहे.

त्यांत नांवांनीं आणखी घोटाळा करून ठेवला आहे. लिनीअसनें १७५८ सालीं युरोपांतील नांगीवाल्या लॉब्स्टरला 'गॅमरस' आणि एका शेवंडाला 'होमॅरस' हें जातिनाम दिलें. पुढें १७९५ सालीं वेबरनें नांगीवाल्यांकरितां स्वतंत्र प्रजाति स्थापिली, आणि तिचें नांव ठेवलें 'होमॅरस'! अनेक जातींच्या या समूहास आम्ही येथें सोयीसाठीं गोत्र म्हणूं. तेव्हां आज भारताच्या किनाऱ्यावर सांपडणारा एक नांगीहीन शेवंड 'पॅन्युलिरस होमॅरस' या नांवानें मिरवतो, आणि अटलांटिकमधील नांगीवाल्यांचें तेंच गोत्रनाम आहे. एकाच्या घरचें आडनांव तें दुसऱ्याच्या घरीं पाळण्यांतलें नांव.

या होमॅरस गोत्रांत १९९५ पर्यंत तीन जाती गणल्या जात : अमेरिकन, युरोपीय, आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची केप लॉब्स्टर. ही तिसरी हर्ब्स्टनें १७९२ सालीं प्रथम वर्णिली. ती जेमतेम चार इंचांची, आणि तिच्या नांग्यांवर दाट केंस असतात. एवढा फरक असूनहि एकंदर ठेवण सारखी दिसते म्हणून तिला गोत्रांत ठेविलें होतें. १९९५ सालीं कॉर्नफील्ड, विल्यम्स व स्टेनेक या तिघांनीं मातेकडूनच संततीस मिळणाऱ्या एका जनुकाचा अंश तिन्ही जातींत ताडून पाहिला. अमेरिकन व युरोपीय यांच्यामध्यें अख्खा महासागर पसरला असतां त्यांच्यांतील अंतर सुमारें १.३ टक्के निघालें. केपवाली मात्र दोघांपासूनहि सुमारें ९.७ टक्के दूर! तिला गोत्राबाहेर काढून 'होमॅरिनस' हें निराळें गोत्र देण्यांत आलें. कुलवृत्तांत लिहिणाऱ्या मंडळींस यांत नवल वाटणार नाहीं. नाकडोळे जुळले म्हणून वंशावळ जुळत नाहीं, हें त्यांना आमच्यापेक्षां अधिक ठाऊक असतें.

वंशाची परीक्षा अशी जनुकांनीं होते, तेव्हां या प्राण्याचें सगळेंच वंशानें ठरत असेल, असें कोणासहि वाटेल. पण त्याच्या नांग्याच याच्या उलट साक्ष देतात.

वाढलेल्या लॉब्स्टरच्या दोन नांग्या सारख्या नसतात. एक जाड व बोथट दांत्यांची. तिचे स्नायु मंद पण दमदार, आणि तिच्यानें तो शिंपले फोडतो. दुसरी सडपातळ, धारदार व चपळ. ती कातरण्याच्या कामाची. एक बत्ता, तर दुसरी कात्री. आतां जाड नांगी कोणत्या बाजूस? कांहींची उजवीकडे, कांहींची डावीकडे. प्रमाण जवळजवळ निमें-निम. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनेंहि हें टिपून ठेवलें आहे कीं, इतरांची उजवी नांगी मोठी, पण या प्राण्यांत मात्र, नर असो वा मादी, कोणती मोठी व्हावी हा केवळ योगायोग.

त्या योगायोगाचा उलगडा व्हावयास तेवीस शतकें लागलीं. अंड्यांतून निघालेलें पिलूं प्रथम पाण्यांत तरंगतें. तीन वेळां कात टाकल्यावर तें लॉब्स्टरचें रूप घेतें आणि तळ गांठतें. त्या वेळीं त्याच्या दोन्ही नांग्या अगदीं सारख्या असतात. निवाडा होतो तो या चौथ्या व पुढच्या पांचव्या अवस्थेंत. अशीं पिलें गुळगुळीत तळाच्या भांड्यांत, पकडावयास कांहींहि न देतां वाढविलीं, तर बहुधा दोन्ही नांग्या कातरणाऱ्याच होतात. तळाशीं शिंपल्यांचे तुकडे टाकले, तर एक नांगी फोडणारी बनते. टोरोंटोचे गोविंद व पिअर्स यांनीं १९८६ सालीं याहून पुढें जाऊन दाखविलें : ज्या नांगीस मुद्दाम व्यायाम दिला ती फोडणारी झाली, दोहींस सारखाच दिला तर बहुधा एकहि झाली नाहीं. दोन्ही बाजूंच्या श्रमांची तुलना मज्जासंस्थेंत होते, आणि जिकडे अधिक श्रम तिकडे जाडी. विषम होण्याचें सामर्थ्य वंशाचें. बाजू ठरविणें मात्र अभ्यासाचें.

आतां एखादे आजोबा हा लेख दाखवून डावखुऱ्या नातवाच्या डाव्या हातांतील पेन्सिल काढून उजव्यांत देतील, अशी आम्हांस भीति वाटते. त्यांनीं तसें करूं नये. मनुष्याचा हात लॉब्स्टरच्या नांगीसारखा ठरत नाहीं. गर्भांतील बालकहि एकाच बाजूचा अंगठा अधिक चोखतांना आढळतें, आणि अनेक जनुकांचा अल्प अल्प वांटा त्यांत असतो. हात बळेंच बदलविलेलीं मुलें आम्हीं वर्गांत पाहिलीं आहेत. त्यांचें अक्षर सुधारलें नाहीं. बोलणें मात्र कमी झालें.

लॉब्स्टरलाहि ही मुभा अल्पकाळच असते. पांचव्या अवस्थेच्या आंत एक नांगी गेली, तर उरलेली फोडणारी होऊं शकते. त्यानंतर बाजू कायम. पुढें झुंजींत फोडणारी नांगी तुटली, तर कात टाकतां टाकतां त्याच जागीं पुन्हां नांगी उगवते. प्रथम ती लहान असते, पण ती होते फोडणारीच.