पाढ्यांच्या आधी पाचुंदा

पालक सभेत आम्हांला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : ‘गुरुजी, पोराचे पाढे कुठवर आले?’ दुसरीतले मूल सुट्टीत घरी गेले की पाहुण्यांसमोर उभे करून त्याच्याकडून बाराचा पाढा म्हणवून घेतला जातो, आणि ते अडखळले की शाळेला बोल लागतो. पालकांची ही आस्था आम्ही मोलाची मानतो. ज्यांच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीत उमटला, पण वहीत काय लिहिले आहे हे त्यांना कधी कळले नाही, त्या घरांना हिशेबाची ओढ असणारच. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातही प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध यांच्या जोडीला हिशेब मागितला आहे. मात्र हिशेब आणि पाठांतर या दोन भिन्न गोष्टी होत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकीही घोकून घेतली जाई. त्या शाळेच्या ओसरीवर आपल्या पूर्वजांना जागा नव्हती. म्हणून त्यांना मोजताच येत नव्हते असे समजणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. तो मोजणारा मजूर पाच, दहा, पंधरा असा पुढे जाई. अक्षरओळख नसलेली आजी ‘तीन विसा आणि वर सात’ म्हणे, म्हणजे सदुसष्ट. ही टप्प्यांची मोजणीच होती, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यामागे हाताला लागणारी वस्तू होती. तेव्हा दुसरीच्या वर्गात टप्प्याने मोजायला शिकवतात, हे नवे खूळ वाटण्याचे कारण नाही.

पाढा घोकलेल्या मुलाला ‘पाच साते किती?’ असे मध्येच विचारले, तर ते पुन्हा ‘पाच एके पाच’पासून सुरुवात करते. टप्प्याने मोजणारे मूल तीसवर पाच चढवते. म्हणून आम्ही मुलांना वसतिगृहाच्या दाराशी काढलेल्या चपला दोन-दोनने मोजायला लावतो, हातांची बोटे पाच-पाचने, काड्यांचे गठ्ठे दहा-दहाने. खरी कसोटी पुढे आहे. तीनपासून आरंभ करून पाच-पाचने चला : तीन, आठ, तेरा, अठरा. येथे पाढा कामी येत नाही, विचार करावा लागतो. चाळीसवरून चार-चारने मागे येणे त्याहून अवघड. पण पुढे भागाकार उलगडतो तो त्यातूनच.

दहाच्या उड्या तर मराठी मुलांना फारच आवश्यक. नऊ, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे म्हणत गेले की प्रत्येक नाव पुढच्या दशकाला एक उणे आहे, हे चौकस मुलाच्या आपोआप ध्यानी येते. 2019 साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा तिची यथेच्छ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांच्या मुलाला त्रेसष्ट आणि छत्तीस यांत चाचपडताना पाहिले होते, कोण जाणे!

पाढे पाठ होऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. तिसरीत ते पाठ व्हावेतच. आमचा आक्षेप क्रमाला आहे. ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि घरी पाढे म्हणवून घ्यायला कोणी नाही, ते मूल घोकंपट्टीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मागे पडते व गप्प बसू लागते. ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य आम्ही आठ वर्षांच्या मुलींच्या तोंडून ऐकले आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरी पाचुंदे मोजू द्यावेत. आजी असेल तर तिने विसाने मोजावे आणि नातवाने दहा-दहाने मोजून ताळा पाहावा. माजी विद्यार्थी आम्हांला नेहमी विचारतात की शाळेला भेट काय द्यावी. दुसरीच्या वर्गाला तूर्त दोन पायली चिंचोके हवे आहेत.