मातीतले इनाम आणि गादीवरची कुस्ती

2023 मध्ये रोनाल्डो सौदी अरेबियातील अल-नासर संघाकडून खेळू लागला, तेव्हा पैशासाठी त्याने दर्जा सोडला, अशी टीका झाली. बिलोली परिसरातील तरुण मल्लापुढेही असाच पेच असतो. एकीकडे माळेगावच्या यात्रेसारख्या फडांतील रोख इनाम, दुसरीकडे ऑलिम्पिककडे नेणारी गादीवरची कुस्ती. मातीत चितपट हाच खरा निकाल. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांचा हिशेब. डाव पुष्कळसे तेच असले, तरी सवय निराळी, आणि ती कोवळ्या वयातच अंगी मुरावी लागते.

तरीही इनामामागे जाणाऱ्या मल्लास लोभी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. रोनाल्डोने पाच वेळा चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर ही निवड केली. आपल्या मल्लाला ती दूध-बदामाच्या खुराकासाठी विशीतच करावी लागते. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, तेही लोकवर्गणीच्या आधारावर. (त्या वर्गणीचे कौतुक आपण आजही करतो, ती मागावी का लागली, हे मात्र विचारत नाही.) यात्रा समित्यांनी शेवटच्या कुस्तीच्या इनामातील काही वाटा गादी आणि प्रशिक्षक यांसाठी राखून ठेवला, तर विशीतल्या मल्लाला निवड करण्यापूर्वी दोन-तीन वर्षांची उसंत तरी मिळेल.