आईची वही

गेल्या आषाढात आई गेली. नव्वदी गाठायला तिला थोडाच अवकाश होता. तिच्या ट्रंकेत दोन लुगडी आणि लाल कापडी बांधणीची एक वही निघाली. लालबागच्या चाळीतील एका खोलीत ती गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवीत असे. त्या खाणावळीची ही वही.

मी तीस वर्षे महाविद्यालयात राष्ट्रीय उत्पन्न हा विषय शिकवला. पिगूने १९२० साली दाखविलेली विसंगती दरवर्षी सांगत असे: पगारी मोलकरणीशी मालकाने लग्न केले की काम तेच राहते, राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. विद्यार्थी हसत. ही विसंगती आमच्या घरात रोज घडत होती, हे मला कधी जाणवले नाही. एकाच पातेल्यातली आमटी खाणावळीच्या ताटात पडली तर उत्पन्न. आमच्या ताटात पडली तर शून्य.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडीलही त्यांत होते. मी तेव्हा एम. ए.ला होतो. वहीत त्या महिन्यापासून बावीस नावांपुढे केवळ येणे वाढत गेलेले दिसते. कोकणात वा घाटावर परतेपर्यंत एकालाही आईने ताटावरून उठविले नाही. मंगळसूत्र गहाण पडले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभारलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले होते. आईने ते पै न् पै फेडले. तिचे येणे मात्र राहिले ते राहिलेच.

पुढे माझ्या लहानग्या मुलीने ती वही पाहून विचारले, "आजी, ह्यांनी तुला बुडवलं?" आजी म्हणाली, "बुडवलं कसलं गं? गिरणीच बुडाली, माणसं काय करतील?"

संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आहेत, मोर्च्यांचे आकडे आहेत. पण तो लढा इतके महिने तगला तो कोणाच्या उधारीवर? हा प्रश्न आपल्या चळवळीनेही क्वचितच विचारला. आपण श्रमाची प्रतिष्ठा सांगतो आणि सभेहून परतल्यावर वाढलेल्या ताटावर बसतो. २०२४ च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात; असे काम करणारे पुरुष ८८. समतेचा कार्यक्रम इथूनही सुरू झाला पाहिजे.

गिरणगावात अशा काही वृद्धा आजही हयात आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या वह्या, त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. हे काम लवकर व्हायला हवे. मी माझ्या आईची वही उघडली, तेव्हा एकेका नावाविषयी विचारायला ती उरली नव्हती.